बाजारात वाजवलेला भोंगा

“सरका बाजूले, बॅटरी लावू द्या मले!” धाड गावच्या भर बाजारात माझी बायको सुमन ओरडत होती आणि मी मिरच्यांच्या ढिगावर आडवा. एवढं गावानं पाहिलं. पण मी पडलो कशानं — हे कालपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतो.

माझं हृदय थकलं तेव्हा डॉक्टरांनी छातीत पंप बसवला. पोटातून वायर बाहेर, कमरेला दोन बॅटऱ्या. हा पंप रक्त सारखं ढकलत राहतो, ठोके देत नाही. म्हणून माझ्या मनगटाला नाडी लागत नाही. असलं भांडवल हाती आल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसेल? बाजारात हात पुढे करायचो — शोधा बे नाडी! यम दोनदा आला आणि मेलेलाच समजून परत गेला, म्हणायचो. सातपुड्यापलीकडून लोक मला बघायला येतात, असंही. (आला होता एकच, तोही बैल विकायला.)

त्या दिवशी नाडीवर कोणी हसेना. मग मी थाप मारली, यम जवळ आला की पंप भोंगा वाजवतो. आणि सदऱ्याखाली हात घालून — काय सांगू — एक बॅटरी हळूच काढली. भोंगा वाजला. लोक खूश! दुसरी बॅटरी मात्र उतरलेली; पंप थांबला आणि मी मिरच्यांवर. घरून निघताना सुमननं ती बॅटरी बदला म्हटलं होतं. बदलली, म्हणून मी ठोकून दिलं होतं.

भोंगा ऐकून ती गर्दीत घुसली आणि पिशवीतली भरलेली बॅटरी जोडली. जगलो तो तिच्या हातानं. आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बॅटऱ्या कोण बघतं? — तर मी तिच्याकडे बोट केलं. उतरलेली हिनंच लावली, म्हणालो. सगळ्यांसमोर तिनं बोलणी खाल्ली.

तेव्हापासून ती माहेरी, मेहकरला, मुक्कामाला राहिली नाही. भाचीच्या लग्नातूनही अक्षता पडताच एसटीनं परत. बिचारी स्वतःला दोषी समजते, असं मला वाटायचं. वाटायचं आणि तरी गप्प! पंप बनवणाऱ्याचे, बसवणाऱ्याचे उपकार मी गावभर गातो. तिचे कुठं गायलो?

काल संध्याकाळी तिला सांगितलं. सगळं, भोंग्यासकट. ती बॅटऱ्या चार्जिंगला लावत होती. हात थांबले नाहीत.

“माहीत हाय मले,” ती म्हणाली. “म्हणून तं तुमाले एकटं सोडत नाही.”