आधी ऐकलेलं शेवटचं गाणं

कँटीनमध्ये ओंकार आणि सायली एका म्हाताऱ्या रॉक गायकाच्या नव्या अल्बमवरून भांडत होते. वाद शेवटच्या गाण्याचा होता.

"आवाज गेलाय त्याचा. असा शेवट करतात का?" ओंकार म्हणाला.

"गेलाय, पण त्यानं ते लपवलं नाही, बहिऱ्या!" सायली म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू सांग."

आमच्या घरी इंग्रजी गाणी कुणी ऐकलेली नाहीत. या दोघांत बसताना माझं अज्ञान उघडं पडेल, अशी मला सारखी भीती वाटते. तरी खरं ते सांगितलं. "ते शेवटचं आहे हेच मला माहीत नव्हतं. माझ्या मोबाइलवर गाणी उलटसुलट लागतात, म्हणून ते सगळ्यांत आधी ऐकलं. मला वाटलं, हा माणूस नुकताच गायला लागलाय आणि बिचकतोय."

ओंकार हसायला लागला आणि मध्येच थांबला. "परत लाव गं ते."

आम्ही तिघांनी ते गाणं पुन्हा ऐकलं. थकलेला आवाज आणि बिचकणारा आवाज इतके सारखे असतात का, मला ठाऊक नाही. कदाचित आयुष्यभर गाऊनही प्रत्येक गाण्याआधी त्याला धीर गोळा करावा लागत असेल. तसं असेल, तर माझ्या बिचकण्याची मला एवढी लाज वाटायला नको.