इनास सरांचा तळहात

इनास सरांची आणि माझी पहिली गाठ राजोडीच्या किनाऱ्यावर पडली, आणि पहिल्याच भेटीत त्यांनी माझी हजेरी घेतली. मी विरारच्या फ्लॅटमध्ये राहणारी नोकरदार बाई. नवाकोरा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून मासळी वाळवणाऱ्या बायकांचे फोटो काढत होते. कॅमेऱ्यावर डोंगर, फूल, धावणारा माणूस अशा चित्रांची एक चकती होती. चित्र निवडायचे, बटण दाबायचे, बाकीचे यंत्र बघून घेईल या भरवशावर मी होते. समुद्र झकास येत होता, बायकांचे चेहरे मात्र काळेकुट्ट. आगाशीत फोटो स्टुडिओ चालवणारे सर चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून घरी निघाले होते. ते थांबले, पडद्यावर डोकावले आणि म्हणाले, "बाय, तुला मानूस पायजे की समिंदर, ते कॅमेऱ्याला कोन सांगनार?"

मग त्यांनी आपला तळहात उन्हात धरला, क्षणभर पाहिला आणि उजेडाचे आकडे सांगितले. ते मी हाताने लावले. चेहरे उजळले. पुढच्या रविवारी मी त्यांच्या स्टुडिओत शिकायला हजर!

सरांची ही पद्धत त्यांच्या पंच्याहत्तरीचा हा अंक वाचणाऱ्या तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. माणसावर जो उजेड पडतो तोच आपल्या तळहातावर घ्यायचा आणि त्यावरून कॅमेरा लावायचा. डिजिटल कॅमेरा आल्यावरही त्यांनी त्याच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली. "भात शिजतो का ते दर मिनटाला झाकन काढून बगायचा नाय," असे ते बजावत.

हा निव्वळ हट्ट नव्हता. एकदा एक कोळीण मावशी ओळखपत्रासाठी फोटो काढायला आल्या. आधीच्या दुकानात त्यांना यंत्राने इतके गोरे करून दिले होते की कचेरीतल्या माणसाने फोटो परत केला. सरांनी त्यांना खिडकीपाशी बसवले, तळहात पाहिला आणि एकच फोटो काढला. मावशींनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता मी हाय." सर दिवसभर खुशीत होते.

आता एक कबुली. सरांना ती माहीत आहे, तुम्हाला नाही.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नाचे फोटो काढायला आम्ही दोघे गेलो. चर्चमध्ये पुढे सर, मागे मी. गर्दीत तळहात पाहायचा मला कंटाळा आला आणि मी गुपचूप चकती 'ऑटो'वर फिरवली. सरांच्या शिष्येने असे करणे म्हणजे घरभेदीपणाच! दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या संगणकावर सरांचे फोटो उघडले. नवरीचा झगा म्हणजे नुसता पांढरा डाग. लेस नाही, चुणी नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. जास्त उजेडाने पुसले गेलेले संगणकावरही परत आणता येत नाही.

सर स्क्रीनजवळ नाक नेऊन बसले होते. मग कॅमेरा पिशवीत घातला आणि म्हणाले, "जमंना आता. हा तू घेऊन जा." मला रडू फुटले. रडतारडताच मी माझे फोटो लावले. जरा काळपट होते, पण लेस जागच्या जागी होती. "सर, हे ऑटोवर काढलेत. मी तुमचे ऐकले नाही," मी सांगून टाकले.

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. सरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवायला सांगितले, स्वतःचा तळहात डोळ्यांपुढे धरला आणि हळूच विचारले, "बाय, हात माजा काळवंडलाय, का मलाच तसा दिसतो?"

हात तसाच होता. डोळ्यांत मोतीबिंदू होता. तळहात अंधूक दिसायचा, म्हणून सर कॅमेऱ्यात जास्त उजेड घेत होते. पडद्यावर चिकटपट्टी, त्यामुळे चूक दाखवणारेही कोणी नव्हते. ऑटोला कुणाच्या डोळ्यांची गरज नसते, म्हणून माझे फोटो वाचले!

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांवरची पट्टी निघाली तेव्हा सरांनी आधी खिडकीपाशी जाऊन तळहात पाहिला. "इतका उजेड व्हता काय इथं!" ते म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला. कॅमेरा मी पिशवीतून बरोबरच नेला होता. त्यांनी तो घेतला, नखाने चिकटपट्टी काढली आणि चकतीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला अजाबात नावं ठेवायची नाय." तेव्हापासून प्रत्येक कार्यात सर पहिला फोटो ऑटोवर काढतात, साक्षीला. बाकीचे हाताने.

या अंकाच्या मुखपृष्ठावरचा सरांचा फोटो मी काढला आहे. काढताना मी मुद्दामच माझा तळहात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मनगट धरून तो उन्हाकडे वळवला आणि आकडे सांगितले. मी कॅमेऱ्यात पाहिले. तेच आकडे मी आधीच लावून ठेवले होते.

सर, पंच्याहत्तरी झाली. प्रकृती अशीच ठणठणीत राहो, नजर अशीच लख्ख राहो. शंभरीचा फोटोही मीच काढणार आहे. त्या दिवशी हात माझा असेल, आकडे तुम्हीच सांगायचे.