बूट वाळवायचा प्रश्न

बायको गेली त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात माझं धावणं बंद पडलं. त्याला कारण दुःख नव्हतं. बूट वाळत नव्हते.

मी बालाघाटला सिंचन खात्यात नोकरीला होतो. चाळिशीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी धावायला लागलो. रोज सकाळी सहा किलोमीटर आणि रविवारी अठरा, म्हणजे आधी लामत्याचा रस्ता आणि पुढे जंगलातली कच्ची वाट. सुरुवातीला बसवाले गाडी हळू करून विचारायचे, "क्या भाईसाब, बस छूट गई क्या?" मग त्यांनाही सवय झाली.

पावसाळ्यात बूट रोज भिजत. बायको संध्याकाळी धानाचा कोंडा, म्हणजे राइस मिलमध्ये निघणारी टरफलं, लोखंडी कढईत गरम करायची. माझ्या जुन्या पायजम्यातून शिवलेल्या दोन लांबट पिशव्यांत तो भरायची आणि एकेक पिशवी एकेका बुटात खुपसायची. सकाळपर्यंत कोंडा सगळी ओल ओढून घेई. पिशव्या बसवून झाल्या की ती हात झटकून म्हणायची, "जोड्यायले जेवू घातलं. आता तुम्ही बसा." मग आम्ही जेवायचो.

ती हिवाळ्यात गेली. पिशव्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला होत्या, तिथेच राहिल्या. पावसाळा लागल्यावर मी बुटांत वर्तमानपत्र कोंबून पाहिलं, पंख्याखाली ठेवून पाहिलं. आतला भाग ओला तो ओलाच. पंधरवड्यात पायांना चिखल्या झाल्या आणि मी घरी बसलो.

लेक लग्न होऊन पुण्याला. ऑफिस सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी उघडेपर्यंत बोलायला कोणी नव्हतं. धावताना तरी कुठे कोण बोलतं म्हणा. पण रविवारी मी जिथून परत फिरायचो त्या गावाच्या हातपंपावर एक म्हातारी भांडी घासत असायची. ती मान वर करून विचारायची, "आले का जी?" मी म्हणायचो, "हौ, आलो." एवढंच. त्या पावसाळ्यात तेवढंही नव्हतं. रेडिओ लावून मी कौलांवरचं पाणी ऐकत बसायचो. असा दुसरा पावसाळा आपल्याच्यानं निघणार नाही, हे मला ऑक्टोबरातच कळून चुकलं होतं.

म्हणून मे महिन्यात लेकीकडे गेलो तेव्हा तिला म्हटलं, पाणी न शिरणारे बूट बघायचे आहेत. ती मला गिर्यारोहकांच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने माझे पाय लोखंडी पट्टीवर ठेवून मापले. उजवा पाय डाव्यापेक्षा जरा लांब निघाला. पन्नाशीला येईपर्यंत हे मला ठाऊक नव्हतं. त्याने दोन जोड समोर ठेवले, दोन्ही डोंगरवाटांवर धावायचे. एकाच्या आत पाणी अडवणारं अस्तर होतं. दुसरा नुसत्या जाळीचा, वजनाला बराच हलका. पहिल्या बुटावर त्याने पेलाभर पाणी ओतलं. मी आत बोट फिरवलं, कोरडं. काठाची उंची मोजली, सहा बोटं. तळाच्या खाचा पाहिल्या, शिवण पाहिली.

"आणि हा दुसरा?"

"यात पाणी येतं काका, पण निघूनही जातं."

"येऊच कशाला द्यायचं?"

"बाबा, हा हलका आहे. तुम्हाले लांब धावायचं आहे," लेक म्हणाली.

"हलका आहे बेटा. पण वाळवीन कोण?"

जाळीचा जोड बाजूला सारून ती दुकानदाराला म्हणाली, "तो पहिलाच बांधून द्या."

जुलै चांगला गेला. रिमझिम असो की ओलं गवत, मोजे कोरडे. शेजारच्या वहिनी फाटकातून म्हणाल्या, "नवे जोडे भाऊजी! कोण्या वरातीत जाऊन राह्यले?" आणि हातपंपावर म्हातारी म्हणाली, "लय दिवसानं जी? मले वाटलं, बदली झाली तुमची." मी म्हटलं, "नाही जी. इथंच होतो."

ऑगस्टमधल्या एका रविवारी रात्रभर पाऊस पडून उघडला होता. जंगलवाटेवर एक नाला आहे. त्यावर पूल नाही, रपटा आहे, म्हणजे नाल्याच्या तळालगत बांधलेला सिमेंटचा पट्टा. पाणी चढलं की ते त्याच्यावरूनच वाहतं. धानाच्या रोवणीला निघालेल्या दोन बाया चपला हातात घेऊन उतरत होत्या. आमच्याकडे पाण्यात पायताण घालून कोणी जातच नाही.

"जोडे काढा जी, भिजतीन," एक म्हणाली.

"हे भिजत नाहीत," मी म्हटलं.

"हौ का!"

पाणी अर्ध्या पोटरीपर्यंत होतं आणि बुटाचा काठ सहा बोटं. पाण्याच्या पातळ्या मोजण्यात माझी नोकरी गेली. बूट मी सगळ्या बाजूंनी मोजला होता, नाला मोजलाच नव्हता. पाणी वरून शिरलं, आणि जे अस्तर पाणी आत येऊ देत नाही ते बाहेरही जाऊ देत नाही. पलीकडे गेलो तर प्रत्येक पावलाला पचक-पचक.

मागून दुसरी बाई ओरडली, "पाणी घरी नेऊन राह्यले का जी?"

दोघी हसल्या. मीही हसलो. त्या आपल्या शेतातल्या बांधीकडे वळल्या आणि मी तसाच मागे फिरून सात किलोमीटर परत आलो. हातपंपापर्यंत गेलोच नाही.

बूट उपडे करून ठेवले. स्वयंपाकघरातल्या तराजूवर वजन केलं तर एकेक बूट कोरड्यापेक्षा पाव किलोने जड. बुधवारीही आत ओल होती आणि वास यायला लागला होता. पुढचा रविवार जाणार हे दिसत होतं. त्याच्या पुढचाही.

ऑफिसातून येताना राइस मिलवर थांबलो. "कोंढा चाहिए? भैंस ले ली क्या साहब?" तिथल्या माणसाने विचारलं. मी म्हटलं, जूतों के लिए. त्याने मला एकदा नीट पाहून घेतलं आणि पोतं भरून दिलं.

पहिली कढई करपली. दुसऱ्या वेळी आच बारीक ठेवली, सतत हलवत राहिलो. मग खिळ्यावरच्या पिशव्या काढल्या. भरताना दिसलं, एक पिशवी दुसरीपेक्षा बोटभर लांब होती. आधी वाटलं, कापड कमीजास्त झालं असेल. मग दुकानातली लोखंडी पट्टी आठवली आणि ती लांब पिशवी उजव्या बुटात घातली. बरोबर टोकापर्यंत बसली.

जेवण तसंच राहिलं. मी लेकीला फोन लावला. म्हटलं, "ते दुसरे, जाळीचे, अजून त्या दुकानात असतील तर पाठव. याच्यापेक्षा लवकर वाळतील."

"पण वाळवीन कोण बाबा?"

"मी."

मग तिने विचारलं, "जेवलात का?"

"जोडे जेवले," मी म्हटलं. "आता बसतो."