ताईचा आठ वर्षांपूर्वीचा फोटो

सगळे त्याला थंडोबा म्हणत. स्वभावाने तो थंड होताच, पण नाव पडलं ते स्वेटरमुळे. स्कॅन सेंटरच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या नऊ फुटी खोलीत सर्व्हर होते आणि त्यांना गार ठेवणारं यंत्र दिवसरात्र चालायचं. बाहेर ऊन माणसं भाजून काढत असताना हा गृहस्थ तपकिरी स्वेटर घालून डबा खायला यायचा. "आले बघा, बर्फातून आले," काउंटरवरची बाई म्हणायची.

सोळा वर्षं त्याने ती खोली राखली. कुठल्या डिस्कचा जीव जाणार हे त्याला नुसत्या घरघरीवरून दोन दिवस आधी कळे. बायको म्हणे, "मी तापाने फणफणले तरी यांना पत्ता नसतो. तिकडे एक पंखा खोकला की हे जेवण टाकून पळतात."

मग मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की आता सगळं क्लाउडवर. म्हणजे रुग्णांचे फोटो आपल्या खोलीत न ठेवता दूरच्या एका कंपनीच्या यंत्रांवर भाड्याने ठेवायचे. "पण थंडोबा, परक्याच्या घरात आपली पेटी. कुलूप लावून ठेव," ते म्हणाले. त्याने लावलं. प्रत्येक जुना फोटो त्याने असा बंद केला की किल्लीशिवाय तो नुसता आकड्यांचा भुसा. किल्लीही त्याच कंपनीच्या एका वेगळ्या तिजोरीत, जिथून ती बाहेर काढता येत नाही, फक्त तिथल्या तिथे फिरवता येते. नियमच तसा होता, आणि तो नियमाचा माणूस. मग नियमाप्रमाणेच त्याने जुन्या डिस्कना ड्रिलने एकेक भोक पाडलं. त्या दिवशी घरी येऊन तो हात खूप वेळ धूत बसला होता.

खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या. थंडोबाला काउंटरमागे एक टेबल आणि एक स्क्रीन मिळाला. सहा वर्षं तो तिथे बसून, कुठे असतील ते ठाऊक नसलेल्या यंत्रांकडे बघत राहिला. त्यांचा आवाज येत नसे. आजारी पडली तर ती तिथेच बरी होत; याला कळवायचीही गरज नव्हती.

भाडं मात्र दरसाल चढत गेलं, आणि एका सकाळी मॅनेजरबाईंनी त्याला बोलावलं. "थंडोबा, सगळं परत घरी आणायचंय. जमेल ना?"

जमेल ना! त्याने ट्रंकेतून स्वेटर काढला. कसर लागली होती. बायकोने कोपरावर ठिगळ लावलं. खुर्च्या बाहेर गेल्या, सर्व्हरची नवी कपाटं आली. कपाट दारातून आत जाईना तेव्हा त्याने सुताराला उभ्या उभ्या चौकट काढायला लावली. पुढचे चाळीस दिवस फोटो खाली उतरत राहिले आणि तो रोज सकाळी मोजणी करी. तिकडे जितक्या पेट्या तितक्याच इकडे, वजनही तेवढंच. एकाही पेटीचा फरक नाही.

"जे रिकामं झालं ते तिकडचं बंद करत चला," मॅनेजरबाई म्हणाल्या. "नव्वद दिवसांत जिथे कुणी फिरकलं नाही ते आधी."

हे त्याच्या रक्तातच होतं. रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की त्याचा हात आपोआप बटणाकडे जाई. दर शुक्रवारी यादी घेऊन तो एकेक ओळ बंद करत गेला. एका ओळीत एक बारकीशी सेवा होती, सात महिन्यांत कुणी हात न लावलेली. स्क्रीनने विचारलं, सात दिवसांनी हे कायमचं पुसलं जाईल, नक्की? त्याने 'नक्की' दाबलं आणि चहाला गेला.

याच सुमारास ताईचा खोकला थांबेना. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी, शिवणाच्या क्लासमध्ये उभं आयुष्य काढलेली. छातीच्या डॉक्टरांनी तिचा स्कॅन इथेच करवला. उजव्या फुप्फुसात एक ठिपका होता.

"आठ वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला होता ना तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. "तेव्हाचा स्कॅन आणा. ठिपका तेव्हाही एवढाच असेल तर जुना व्रण, विसरून जा. तेव्हा नसेल तर कापावं लागेल."

तेव्हाच्या कागदी रिपोर्टात ठिपक्याचं नावही नव्हतं. तेव्हा सगळं फुप्फुसच भरलेलं होतं. आणि फिल्म? फिल्म ताईने टाकून दिली होती. "कशाला घरात पसारा," असं तिला थंडोबानेच सांगितलं होतं. "माझ्याकडे आहे ना सगळं."

"ये तू, माझ्या खोलीतच ये," तो आता म्हणाला. "मिनिटाचं काम आहे."

ताई आली. शाल गुंडाळून स्टुलावर बसली. "अगं बाई, इथे तर भाजी ठेवली तर महिनाभर टिकेल."

"हात लावू नकोस कशालाही."

"नाही रे बाबा. तुझ्या बायकोला नाही लावू देत, मला कुठला लावू देणार?"

त्याने तिचं नाव, साल घातलं. पेटी सापडली. तो हसला. पेटीवर दाबलं, तर स्क्रीन म्हणाला, किल्ली मिळत नाही. पुन्हा दाबलं. शेजारच्या रुग्णाची पेटी दाबली. वरची, खालची, कुठलीही. किल्ली मिळत नाही.

यादीतली ती बारकी ओळ त्याला तेव्हा आठवली: किल्लीची तिजोरी. सात महिन्यांत कुणी जुना फोटो मागितला नव्हता, म्हणून किल्ली फिरलीच नव्हती. त्याने पेट्या मोजल्या होत्या, तोलल्या होत्या. उघडून एकही बघितली नव्हती. बंद पेटीचं वजन उघड्या पेटीइतकंच भरतं.

त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "सर, सात दिवसांच्या आत सांगितलं असतंत तर थांबवता आलं असतं. आज अकरावा दिवस आहे."

"तुमच्याकडे एखादी प्रत असेल ना? कुठेतरी?"

"नाही सर. आमच्याही हाती लागू नये, म्हणूनच तर ती सोय असते."

आपलेच दात, आपलेच ओठ. थंडोबाने फोन ठेवला. कपाटातले पंखे एकसुरात फिरत होते. त्यांत एकही आजारी नव्हता.

"काय झालं रे?" ताईने विचारलं.

"ताई, फोटो इथे आहे. पण तो उघडणार नाही. कधीच नाही. किल्ली मी पुसली."

"मुद्दाम?"

"वेड लागलंय का तुला?"

"मग रडतोस कशाला? लहानपणीही असाच, ताट तू सांडायचास आणि समजूत मी घालायची."

मॅनेजरबाईंनी यादी आपलीच होती असं कबूल केलं. मोठे डॉक्टर तासभर ओरडले. या दोन्हींमुळे एकही पेटी उघडली नाही.

छातीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन करता येईल, असं थंडोबाने सुचवलं. ते मान हलवत म्हणाले, "हा आकार, हे वय, खोकल्यातून रक्त. मी थांबणार नाही. कदाचित उगाचच कापतोय, पण ते मला कापल्यावरच कळेल."

नर्सने कागद पुढे केला. ताईने चष्मा शोधला, सापडला नाही, तशीच सही केली. खाली नातेवाइकाची ओळ होती. नर्सने पेन त्याच्याकडे सरकवलं. त्याने नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहिलं आणि पेन धरून तसाच बसून राहिला.

"दे ते, त्यांना उशीर होतोय," ताई म्हणाली. मग पिशवीचं तोंड आवळत तिने विचारलं, "किती दिवसांचे कपडे घेऊ रे?"

त्याला ठाऊक नव्हतं.