उष्टं दूध

"घास," म्हातारी म्हणाली. "अजून घास. खालून बी."

माझ्या ओंजळीत चुलीतली राख होती. देशमुखाच्या परसात, धुण्याच्या दगडापाशी बसून मी माझी छाती राखेनं घासत होते. ओली बाळंतीण मी. अंगावरून जायचं अजून थांबलं नव्हतं. कातडी सोलून निघत होती, आणि देशमुखाची आई लांब उभी राहून बघत होती. मोलकरणीनं उष्टं पातेलं नीट घासलं का नाही, ते बघतात तशी.

तिनं मला विचारलं होतं, "घरून निघताना पोरीला पाजून आलीस काय?" मी हो म्हणाले. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"तुझ्या पोरीचं उष्टं आमच्या वंशाला पाजतीस व्हय?"

म्हणून राख.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. आष्टीच्या बाजारापासून आमचं गाव जवळ. आम्ही धनगर. सासऱ्याची मेंढरं देशमुखाच्या पडीक रानात चरायची, त्याच्याच विहिरीवर पाणी प्यायची. देशमुखाच्या सुनेला बऱ्याच नवसांनी मुलगा झाला आणि ती तापानं पडली. तिला दूधच येईना. त्याच सुमारास मी बाळंत झाले होते. देशमुखाचा कारभारी आमच्या झोपडीसमोर येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाला, "बायकोला जल्दी पाठवून दे." नवऱ्यानं मान हलवली. दूध माझं आणि मान हलवणारा तो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

राखेच्या त्या पहिल्याच दिवशी म्हातारीनं नियम घातला. आधी त्यांचं बाळ. त्याचं पोट भरून उरलं तर माझ्या लेकीला. ती म्हणाली, "तुमच्यात शेळ्या काय कमी हायेत? पोरीला शेळीचं पाज."

मी एकदा विचारलं, "मंग तुमच्या बाळाला शेळीचं का न्हाई पाजत, बाईसाब?"

"शेळीचं पिऊन देशमुख वाढत न्हाईत."

घरी माझी सासू, आत्याबाई, चिंधीचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून लेकीच्या तोंडात धरायची. लेक ओकायची. हिरवं हगायची. पुन्हा बोळा.

आणि मी तिकडं काय करत होते? खात होते. गोठ्याच्या कडेला बसवून मला डिंकाचे लाडू द्यायचे, अळिवाची खीर द्यायचे, भाकरीवर तुपाची धार सोडायचे. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात मी तूप बघितलं नव्हतं. म्हातारी समोर बसून खायला लावायची. जाताना पदर झटकायला लावायची, लाडू बांधून नेते की काय म्हणून. "हे तुझ्यासाठी न्हाई," ती म्हणायची, "दुधासाठी हाय. म्हशीला सरकी घालतो का न्हाई आपण, तसं." आणि मी खायचे. बोटं चाटून खायचे. भूक इतकी निलाजरी असते. आजही डिंकाचा वास आला की मला स्वतःचाच संताप येतो.

त्या बाळाचा मला राग नव्हता. त्यानं काय केलं होतं? पीत असताना ते माझं बोट घट्ट धरायचं. भेगा पडलेल्या छातीतून दुधाबरोबर रक्त यायचं, तेही प्यायचं. हळूहळू असं झालं, की ते आत रडलं की परसात मला पान्हा फुटायचा. लुगडं भिजायचं. माझं अंगसुद्धा देशमुखाचं झालं होतं.

एका दुपारी घरी आले. लेक गोधडीवर पडली होती. टाळू खोल गेली होती. तोंड उघडत होती, पण आवाज येत नव्हता. रडणंच आटलं होतं तिचं. मी तिला छातीशी धरलं. पान्हा येईना. सगळं तिकडं देऊन आले होते.

आत्याबाई म्हणाल्या, "पोरगीच हाय. जगली तर जगंल. रान ग्येलं तर समदे मरतील."

नवरा जेवत होता. जेवून उठला आणि रोजच्यासारखं खरकटं ताट माझ्याकडं सरकवलं. लग्न झाल्यापासून मी त्याच ताटात जेवत होते. त्या दिवशी हात पुढं जाईना. नवऱ्याचं उष्टं मी खायचं. देशमुखाच्या नातवाचं उष्टं माझ्या लेकीनं प्यायचं. आणि माझ्या लेकीचं उष्टं मात्र राखेनं घासून काढायचं! हे मला इतके दिवस दिसलं कसं नाही? मी ते ताट तसंच उचलून बाहेर कुत्र्यापुढं ठेवलं. नवरा बघत राहिला.

सकाळी लेकीला घेऊन निघाले. परसात गेले नाही. सरळ देशमुखाच्या ओसरीवर जाऊन बसले, माणसांदेखत, आणि लेकीला छातीला लावलं. आधी तिला ओढायलाही जोर नव्हता. मग एक घोट घेतला. मग दुसरा.

म्हातारी ओरडत बाहेर आली. "ए! आधी आमचा!"

"आधी हिचा," मी म्हणाले.

देशमुखाची सून दाराशी आली. तिच्या हातात बाळ रडत होतं. पांढरीफटक पडली होती बिचारी. म्हणाली, "त्याला बी पाज ना गं. पाया पडते."

त्या घरात मला पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. मी म्हणाले, "पाजते, ताई. हिच्या मागून. राख न लावता."

सुनेनं आजेसासूकडं बघितलं. म्हातारी म्हणाली, "हिच्या उष्ट्यापरीस आमचा उपाशी राहील."

मी कमरेला खोचलेली चिंधी काढून पायरीवर ठेवली.

"मंग शेळीचं पाजा. ह्यो घ्या बोळा."

आणि उठले.

संध्याकाळच्या आत रान बंद झालं, विहीर बंद झाली. नवऱ्यानं मला भर रस्त्यात मारलं. लेक माझ्या कडेवर होती, म्हणून मी पाठ पुढं केली. मेंढरं घेऊन आम्ही बदनापूरच्या बाजूला गेलो. वाटेत पाण्यावाचून कोकरं मेली. आत्याबाईंनी मरेपर्यंत त्या कोकरांचा दोष मला दिला. दिला तर दिला.

लेक जगली. आता ती स्वतः लेकुरवाळी आहे. मी पुन्हा कधी नवऱ्याच्या ताटात जेवले नाही. आणि माझ्या घरात बाळंतिणीचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं जातं.

देशमुखाच्या नातवाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्याचं रडणं मात्र अजून ऐकू येतं. पायरी उतरताना त्या रडण्यानं मला पान्हा फुटला होता. लुगडं भिजलं होतं. तरी मी मागं वळले नाही.

उद्या पुन्हा तीच ओसरी समोर आली आणि तेच बाळ तसंच रडलं, तरीही आधी माझी लेक.