अकरा नंबरचा जोड

आमच्या वन्सं परवा निवृत्त झाल्या. कंपनीने निरोपाचं पत्र दिलं, त्यात लिहिलंय: 'एक नापास जोड वगळता सेवा समाधानकारक.' वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं वन्संनी मला गप्प बसवलं होतं. आता नाही बसणार.

वन्सं वेल्डर होत्या. स्टीलच्या पाइपाला पाइप जोडायचा आणि जोडाशेजारी हातोडीने आपला आकडा ठोकायचा. त्यांचा आकडा अकरा. सहा वर्षांपूर्वीपर्यंत, एकोणीस वर्षांत, अकरा नंबरचा एकही जोड नापास झाला नव्हता. नणंदेचं कौतुक करणारी भावजय शोधून सापडत नाही, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

मी कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्री करते. तेव्हा तिथे नवी वाफेची लाइन टाकायचं काम वन्संच्या कंपनीला मिळालं. पाइप जाणार होता आम्हा चाळीस बायकांच्या डोक्यावरून. एका संध्याकाळी वन्सं धुमसतच घरी आल्या.

"वहिनी, दहा जोडांतला एकच एक्स-रेला जातो. कुठला, ते फोरमन ठरवतो. दर वेळी माझाच पाठवतो!"

"मग बरंच की. पास होतो ना?"

"तेच तर! माझा पास झाला की बाकीचे नऊ फुकटात पास. वेल्डिंगचे रॉड भट्टीत कोरडे करून वापरायचे असतात, तर हा फोरमन भट्टीचा प्लग काढून स्वतःचा पंखा लावतो. दमट रॉडने जोडात बुडबुडे राहतात. कडांवरचा गंज, तेल कोणी पुसत नाही. एका थरावरची जळकी खपली न खरवडताच दुसरा थर चढवतात. वरून कीर्तन, आतून तमाशा!"

"फोरमनला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाला, 'बाई, तुमचे पास होतायत ना? मग दुसऱ्याच्या जोडात नाक कशाला खुपसता?' साहेबाकडे गेले, तर त्याने पास झालेल्या जोडांचे कागद दाखवले. माझेच!"

एका बाईच्या चोख हाताचा असा फडका करून सगळी घाण झाकायची? मी फोरमनला शिव्या घातल्या. वन्सं मात्र पाणी पिऊन शांत झाल्या होत्या.

"एक जोड नापास झाला, तर त्याच लाइनवरचे आणखी दोन जोड बाहेरून आलेला तपासनीस स्वतः निवडतो," त्या म्हणाल्या. "तेही नापास झाले, तर सगळे तपासतात. उद्या माझा जोड मीच बिघडवणार."

"अहो, पण तुमचा आकडा!"

"आपलं नाक कापून अपशकुन करतात ना, तसं समजा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रॉड पाण्याच्या बादलीत बुडवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम केलं. वरून सुबक केलं. शेजारी अकरा ठोकला. फोरमनने सवयीने तोच पाठवला. फिल्मवर मोहरी सांडल्यासारखे ठिपके आले. तपासनीसाने निवडलेले दोन्ही नापास झाले, मग सगळे तपासले. सेहेचाळीसपैकी सतरा जोड कापून नव्याने करावे लागले.

आणि शिक्षा कोणाला? फोरमन खुर्चीत तसाच. नापासांच्या यादीत पहिलं नाव वन्संचं. बावन्नाव्या वर्षी त्यांना नवख्यांच्या रांगेत उभं करून पुन्हा परीक्षा द्यायला लावली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी भांडायला निघाले, तर वन्संनी हात धरला. "मुद्दाम केलं हे कळलं, तर पुन्हा हातात रॉड देणार नाहीत. तुम्हाला माझी शपथ आहे."

लाइन सुरू झाली त्या दिवशी शेजारची बाई वर बघून म्हणाली, "अगं, ती नापास झालेली अकरा नंबरवाली, तिचा जोड नेमका माझ्याच डोक्यावर आलाय. मला बाई भीती वाटते."

शपथ घातली होती, बोलणार काय?

"सरक," मी म्हटलं, आणि माझं टेबल ओढून त्या जोडाखाली लावलं. सहा वर्षं झाली, मी तिथेच इस्त्री करते.