सल्ला न देणाऱ्या बाई

अख्ख्या वसईत फुकटचा सल्ला न देणारी एकच व्यक्ती होती, आणि ती म्हणजे माझ्या समुपदेशक बाई. मागूनही द्यायच्या नाहीत. "छत्री घेऊ का?" विचारलं तर "भिजायची काळजी वाटतेय का?" म्हणायच्या. स्टेशनजवळच्या त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. डुगडुगणारी त्या हट्टाने स्वतःकडे घेत. समोरच्याचं मनापासून ऐकायचं, त्याला आहे तसं स्वीकारायचं आणि वाट त्याची त्यालाच शोधू द्यायची, ही त्यांची पद्धत. ती त्या रस्त्यावरही सोडत नसत. एकदा खड्ड्यांवर करवादणाऱ्या रिक्षावाल्याला त्या "फार वैतागलात हो," एवढंच म्हणाल्या. त्याने सगळा संसार उलगडला आणि बाजारात निघालेल्या बाई थेट आमच्या गावात, उमेळ्यात पोचल्या. मी पाहिलं तेव्हा तो डोळे पुसत होता आणि बाई मान डोलावत होत्या.

माझे यजमान गेले आणि चाफ्याची वाडी माझ्या एकटीवर पडली. चहूबाजूंनी इमारती उठलेल्या. दीर म्हणाले, "वहिनी, कोन बघनार आता? इकून टाक." जाऊबाई तेच म्हणाल्या, माहेरचेही तेच. वाडी गेली तर माझं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं, पण तेही मला धड बोलता येईना. आठवड्यामागून आठवडे मी बाईंसमोर नुसती रडले. त्यांनी कधी घाई केली नाही. शेवटी मीच चिडले. "तुम्ही तरी सांगा, नाहीतर उद्या सही करून मोकळी होते!"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनाही सांगावंसं वाटत असणार. पण त्या ठाम होत्या. "मी सांगितलं तर तुम्हाला आणखी एक जाऊ मिळेल. सगळ्यांचं बोलून झालंय, तुमचं राहिलंय."

"मला वाडी हवीय," मी ओरडलेच. "पंप चालू करता येत नाही, पण शिकेन!"

"हं," बाई म्हणाल्या. "आता कसं वाटतंय?"

"भीती वाटतेय." मग आम्ही दोघी त्या भीतीपाशी बसून राहिलो.

वाडी राखली. पंप दोनदा जाळला, पण शिकले. आता चाफा भरभरून येतो आणि दीरांसकट सगळे सांगतात, "आमीच बोल्लो होतो, इकू नको." बाई हल्ली नाशिकला लेकीकडे असतात. फोन केला की म्हणतात, "तुम्ही राखलीत." एकदा तरी त्यांनी थोडं श्रेय घ्यावं असं मला फार वाटतं, पण त्या घेत नाहीत.